दिवेलागणीचा ताप

ताप खरा आहे की नाही, हा संशय आधी डॉक्टरांना आला, मग घरच्यांना, आणि शेवटी मलाही. कारण सकाळी तो नसायचा. सकाळी मी उठून बसायचो तेव्हा मनगटं आणि गुडघे आखडलेले असायचे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, पण अंग गार असायचं. दवाखान्यात थर्मामीटर लावला की आकडा निरोगी माणसाचा. मग दिवस कलायचा, आई देवापुढे दिवा लावायची आणि त्याच सुमारास माझे दात वाजू लागायचे. ताप चढायचा, अंगावरची गोधडी थरथरायची, आणि जेवणवेळ टळेपर्यंत घाम फुटून तो उतरूनही जायचा. घड्याळ लावल्यासारखा येणारा ताप कोणाला सांगितला तर ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग सुनंदाकडे, माझ्या बायकोकडे, पाहायचा. तिच्याकडून खात्री करून घ्यायची असायची.

भंडारा जिल्ह्यात सिहोऱ्याला आमचं घर आहे. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं बातम्या तपासण्याचं काम केलं, आणि पुढे गावी राहूनच बातमीदारी करू लागलो. सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई घर आणि देव दोन्ही सांभाळते. मी देव मानत नव्हतो असं नाही, पण त्याच्या नावानं कोणी काही सांगू लागलं की कोणी पाहिलं, कधी पाहिलं, आणखी कोण होतं, हे प्रश्न आपोआप तोंडावर यायचे. ती सवय होती. आजारपणात तीच सवय बळावली.

आजार सुरू झाला धान कापणीच्या दिवसांत. आधी घसा दुखला. मग गुडघे सुजले, मग मनगटं. आमच्याकडे त्या दिवसांत ताप म्हटला की धानातल्या कीटकाच्या चाव्यानं येणारा स्क्रब टायफस आधी आठवतो, आणि तापासोबत सांधे दुखले की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दोन्हीच्या तपासण्या झाल्या. मलेरिया, डेंगू, टायफॉइड, चिकनगुनिया, सगळं झालं. काही निघालं नाही. पांढऱ्या पेशी फार वाढल्या होत्या आणि यकृताला थोडी सूज होती, एवढंच कागदावर आलं. प्रत्येक नव्या तपासणीबरोबर मला वाटू लागलं की हे सगळे आपापला धंदा करत आहेत आणि माझं शरीर हे त्या धंद्याचं निमित्त आहे.

एक गोष्ट मी भंडाऱ्याच्या डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगितली होती. ताप चढला की दंडांवर, पोटावर आणि पाठीवर फिकट गुलाबी ठिपके उठायचे. खाज नाही, आग नाही. डॉक्टरांनी बाही वर करायला सांगितली. बाहीखाली काहीच नव्हतं. ठिपके तापाबरोबर यायचे आणि तापाबरोबर जायचे, आणि मी त्यांच्यापुढे सकाळी बसलो होतो. सुनंदानं एकदा मोबाइलवर फोटो काढला, पण घरातल्या पिवळ्या दिव्याखाली त्यात फक्त माझा दंड दिसत होता. डॉक्टरांनी तो पाहिला, घामोळं असेल म्हणाले आणि पुढचा कागद उचलला. त्यानंतर मी ठिपक्यांचं नाव काढणं सोडलं. जे दाखवता येत नाही ते बोलून उपयोग नाही, असं माझ्या धंद्यानंच मला शिकवलं होतं.

घरात मात्र ते ठिपके एका माणसानं पहिल्या दिवसापासून पाहिले होते. आईनं.

याचा पत्ता मला उशिरा लागला. आधी लक्षात आलं ते जेवण. रांधणं आईनं सुनंदाच्या हातून काढून स्वतःकडे घेतलं होतं. वरणाला फोडणी नसायची, भाजी नुसती शिजवलेली असायची. मला वाटलं, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल. सुनंदाला वाटलं, मी आईकडे तिच्या स्वयंपाकाची तक्रार केली असेल. काही दिवस आम्ही दोघं एकमेकांवर मनातून रागावून होतो. मग एका सकाळी ती माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"तुमच्या आईनं मोहरी-जिऱ्याचा डबा लपवला आहे. मी चोर आहे का घरात?"

डबा धान्याच्या कोठीमागे सापडला. दाराच्या चौकटीला कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या होत्या, त्या मी डासांसाठी असतील असं समजत होतो. शेजारपाजारचे येईनासे झाले होते. उंबऱ्याबाहेरूनच तब्येत विचारायचे आणि जायचे. मी धरून चाललो होतो की माझ्या आजाराबद्दल गावात काहीतरी वाईट बोललं जात आहे. कोण बोलत असेल, याची मनातल्या मनात छाननीही केली होती. प्रत्यक्षात गाव माझ्याशी आदरानं वागत होतं. माझ्या अंगात मातामाय आली आहे, असं आईनं सगळ्यांना सांगितलं होतं.

मातामाय म्हणजे आमच्या गावाच्या शिवेवर, कडुनिंबाखाली असलेले शेंदूर लावलेले दगड. ताप येऊन अंगावर काही उठलं की ती त्या माणसाच्या अंगात पाहुणी म्हणून आली, असं जुनी माणसं मानतात. ती घरात असेपर्यंत फोडणीचा चरका द्यायचा नाही, परक्यानं आत यायचं नाही, संध्याकाळी रोग्याला घराबाहेर न्यायचं नाही, कारण ती तिची वेळ. रोज तिच्या दगडांवर पाणी ओतून तिला थंड करायचं. आणि ती अंगावर उमटलेली असताना सुई टोचायची नाही, टोचायचीच तर सकाळी. डॉक्टरला मुळात तिच्याबद्दल सांगायचंच नाही. म्हणूनच दवाखान्यात जायचं झालं की आई सकाळची पहिली गाडी धरायला लावायची. दिवस कलण्याआधी परत यायचं, हा तिचा हट्ट मी म्हातारीची घाई समजत होतो. डॉक्टरांनी मला नेहमी सकाळीच पाहिलं, आणि सकाळी माझ्या अंगावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, देवी कशाची, हा आजार आहे. तिनं शांतपणे विचारलं, "कोणता?"



याचं उत्तर लवकरच भंडाऱ्याहून मिळालं, निदान तसं वाटलं. मानेत एक गाठ हाताला लागत होती. तिच्यातलं पाणी काढून तपासलं, त्यातूनही पक्कं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले की इतके आठवडे ताप, वजन घटलेलं, मानेत गाठ. क्षयरोग नाकारता येत नाही, त्याची औषधं येत्या सोमवारपासून सुरू करू. त्यातल्या काही गोळ्या यकृताला जड जातात हेही त्यांनी लपवलं नाही, आणि माझं यकृत आधीच सुजलेलं होतं. मी विचारलं, खात्री आहे का? ते म्हणाले, खात्रीची वाट पाहत बसलो तर उशीर होईल. मग म्हणाले की गुडघे इतके सुजले आहेत तर सोमवारच्या आधी एकदा सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा; ते नागपूरहून महिन्यातून एकदा इथे येतात. मी होकार दिला. बाहेर आल्यावर सुनंदाला म्हणालो की यांचं आपसात ठरलेलं असतं. मला त्या गोळ्यांची भीती वाटत होती आणि त्या न घेण्याचीही. चुकीच्या आजाराची औषधं घेऊन यकृत गमवायचं, की खऱ्या आजाराची औषधं नाकारून जीव, यातलं काय निवडायचं ते मला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवं त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता.

नागपूरचे डॉक्टर येण्याच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती आणि आई घरात नव्हती. ती मातामायला पाणी घालायला गेली होती आणि परत यायला तिनं बराच वेळ लावला. आल्यावर म्हणाली, दिवा लागत नव्हता, वारा होता. मला ते खरं वाटलं नाही. मी खोकलो तरी आईला कळायचं, मग गाडीचा भोंगा ऐकू आला नसेल? तिला मी डॉक्टरांकडे जायला नको होतं, असं माझं मत झालं. निघालो ते उशिराच. पुढे मोहाडीच्या बाजूला धान खरेदी केंद्रापुढे पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती आणि ती हलत नव्हती. भंडाऱ्याला पोहोचलो तेव्हा दुपार सरत आली होती. कंपाउंडरनं सांगितलं की डॉक्टरही आज उशिरा आले आहेत, नंबर चालू आहेत, पण तुमचा शेवटचा. साहेब अंधार पडायच्या आत निघतात, तुमच्यापर्यंत पोहोचतील याची हमी देत नाही.

थंडीचे दिवस होते. सूर्य लवकर खाली गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं गुडघे चोळत बसली होती. रांग सरकत नव्हती. मी भिंतीला टेकून बसलो आणि मला कळलं की तो येतो आहे. आधी पाठीच्या कण्यातून थंडी, मग जबडा.

आईलाही कळलं. तिनं स्वतःची शाल काढून माझ्या मानेभोवती आणि दंडांभोवती गच्च गुंडाळली. शाल ऊब देण्यासाठी नव्हती, झाकण्यासाठी होती. मग सुनंदाला हळूच म्हणाली की आता उठा, दिवे लागायच्या आत इथून निघू. सुनंदा म्हणाली की एवढं येऊन आता परत जायचं नाही. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून दबक्या आवाजात भांडत होत्या. खरं सांगायचं तर मी आईच्या बाजूचा होतो. कारण तिचं नव्हतं, माझं वेगळं होतं. मला वाटत होतं की हा डॉक्टरही दोन मिनिटं पाहील, नव्या तपासण्या लिहील, आणि सोमवार आहे तिथेच राहील. मी उठायला हात टेकला. मनगटावर भार आला, कळ मस्तकात गेली, आणि शाल खांद्यावरून घसरली.

समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. साठीची असेल. लुगड्यावर तपकिरी स्वेटर, एक पाय लांब केलेला, गुडघ्यावर फडकं बांधलेलं. पुढचा नंबर तिचा होता. कंपाउंडरनं नुकतंच तिला तयार राहायला सांगितलं होतं. तिनं माझ्या मानेकडे पाहिलं. मग बाकाचा आधार घेत उठली, पायातली चप्पल काढली आणि माझ्यापुढे हात जोडले.

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. ही बाई वेडी आहे, किंवा हिला काहीतरी हवं आहे.

ती माझ्याशी बोललीच नाही. आईला केव्हापासून ते विचारलं, "कई आली माय?"

आईनं शाल पुन्हा वर ओढली.

"झाकता कायले, बाई? आमच्या नाकाडोंगरीत माय आलेल्याले कोणी ताटकळत ठेवत नाही. माह्या नंबर आहे आता. तुमी जा."

आई अडकली. नाही म्हणावं तर मायला नाकारल्यासारखं होतं, आणि जावं तर तिला सुईपुढे नेऊन उभं करायचं. तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "डॉक्टर सुई टोचन तिले," ती म्हणाली. "तिले चालत नाही ते."

त्या बाईनं थोडा विचार केला. थट्टा नव्हती, चिडणं नव्हतं. दोन बायका देवाच्या कामाबद्दल बोलत होत्या.

"बाई, माय त आपल्या पायानं इथवर आली," ती म्हणाली. "तिले यायचं नसतं त आली असती काय? आता दारातून तुमी तिले वापस नेता?"

आईनं माझ्या दंडाला धरलं आणि दाराकडे वळवलं.

डॉक्टर बॅग भरायच्या बेतात होते. मी बसलो, तेव्हा माझे दात वाजत होते. त्यांनी कागद मागितले नाहीत. आधी शाल बाजूला केली आणि टेबलावरचा दिवा माझ्याकडे वळवला. पांढऱ्या उजेडात ठिपके स्पष्ट होते, मानेपासून दंडापर्यंत, फिकट गुलाबी. त्यांनी अंगठ्यानं दाबलं तर रंग गेला, सोडलं तर परत आला. त्यांनी विचारलं, "हे सकाळी असतं का?"

मी बोलण्याआधी आई बोलली. इतक्या आठवड्यांत डॉक्टरसमोर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "दिव्यासंगं येते, सायेब. ताप उतरला का जाते. सकाळी नसते. म्या रोज पायते." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. आता सुई निघेल, अशी ती वाट पाहत असावी.

सुई त्यांनी काढली नाही. खुर्ची ओढून ते पुन्हा बसले. घसा कधी दुखला, आधी कोणता सांधा, रोज ताप हीच वेळ धरतो का, असं विचारत गेले, आणि मग कागद मागून प्रत्येक कोरा निकाल सावकाश वाचला. मला ते कागद आजवर अपयशाचे पुरावे वाटत होते. ते त्यांचा उपयोग करत होते. म्हणाले की एक आजार आहे, मोठ्या माणसांत क्वचित दिसतो, त्याला स्टिल्स डिसीज म्हणतात. यात जंतू सापडत नाही कारण जंतू नसतो. शरीराची राखण करणारी यंत्रणा शत्रू आलेला नसताना हत्यार उचलते. सांधे सुजवते, ताप आणते, कातडीवर उमटते, कधी यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावरही जाते. ठरावीक वेळी येणारा ताप, त्याच्याबरोबर उमटून त्याच्याबरोबर जाणारे ठिपके, घसा आणि सांधे, असं एकत्र दिसलं की संशय घ्यायचा. याची स्वतःची अशी एक पक्की तपासणी नाही. बाकीचं सगळं एकेक करून खोडावं लागतं. म्हणून क्षयरोगही नीट खोडू, रक्ताचे आजारही खोडू, पण सोमवारपासून गोळ्या नकोत. नागपूरला भरती व्हा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून वाद झाला नाही. ठिपके तुम्हाला दिसले का, एवढंच विचारलेलं मला ऐकू आलं, आणि त्यानंतर सुटकेसारखा एक श्वास.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावर ती बाई नव्हती.

नागपूरला पुढे जे झालं ते क्रमानं झालं. मानेतली गाठ काढून तपासली, क्षयरोग नव्हता. हाडातला मगज तपासला, तिथेही वाईट काही नव्हतं. फेरिटिन नावाचा रक्तातला घटक, शरीरात लोह साठवणारा, इतका वाढलेला निघाला की प्रयोगशाळेनं तपासणी पुन्हा केली. मग स्टिरॉइड सुरू झालं. त्या संध्याकाळी वॉर्डातले दिवे लागले आणि आम्ही तिघंही वाट पाहू लागलो. सुनंदाच्या हातात थर्मामीटर होता. आई माझ्या पायांवर हात ठेवून बसली होती. खिडकीबाहेर अंधार दाटला, जेवणाची गाडी आली आणि गेली. थंडी वाजली नाही. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "गेली वाट्टे." आनंद झालेला दिसत होता, पण पाहुणी न सांगता निघून गेल्यावर घरातल्या बाईचा चेहरा होतो, तसंही काहीतरी त्यात होतं.

मी काठी घेऊन घरी आलो तेव्हा गावात गोष्ट तयार होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात खुद्द मातामाय आली, हिरवं लुगडं नेसून, कपाळावर मळवट भरून. तिनं पोराला हात धरून डॉक्टरपुढे नेलं, आणि मागे वळून पाहिलं तर बाक रिकामा. आईनं असं सांगितलं नव्हतं, पण कोणी सांगितलं तर ती नाकारतही नव्हती. मला ते खपेना. मी स्वेटर पाहिला होता. आणि मनाच्या तळाशी आणखी एक संशय होता, तो मला जास्त छळत होता. रांगेत कोणी कोणाला नंबर उगाच देत नाही. तिनं का दिला?

औषधं कमी होत गेली आणि गुडघे चालते झाले तसा मी चौकशीला लागलो. त्या दिवशीची प्रत्येक गोष्ट तपासली. खरेदीच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॅक्टर रोजच अडतात. डॉक्टर उशिरा आले कारण निघताना नागपूरला एक रुग्ण अत्यवस्थ झाला होता. मातामायच्या कडुनिंबाखाली खरोखरच वारा असतो. मी स्वतः काडी ओढून पाहिली, तीनदा विझली. कुठेच अद्भुत काही नव्हतं. एकेक कडी साधी होती. फक्त त्यातली एक जरी त्या दिवशी निसटली असती तर मी नेहमीप्रमाणे सकाळी पोहोचलो असतो, गार अंगाचा, कोऱ्या कातडीचा; नाहीतर डॉक्टर निघून गेले असते. याचं काय करायचं, ते माझ्या धंद्यात कोणी शिकवलं नव्हतं.

उरली होती ती बाई. चैत्राच्या सुरुवातीला सुनंदाला घेऊन मी नाकाडोंगरीला गेलो. गुडघा दुखणारी, तपकिरी स्वेटरची, भंडाऱ्याला सांध्यांच्या डॉक्टरकडे जाणारी बाई म्हटल्यावर विचारलेल्या दुसऱ्याच माणसानं देवकाबाईंचं घर दाखवलं. देवकाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा चेहरा उजळला. "हो हो. माय आली होती ते," त्या म्हणाल्या. माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

मी आभार मानू लागलो तर त्यांना ते आवडलं नाही. "तुमाले कुठं देल्ला मी नंबर?" त्या म्हणाल्या. "मायले देल्ला. तुमचे आभार मी कायले घेऊ?"

मग माझा प्रश्न विचारला. त्या दिवशी तुम्हाला डॉक्टरांनी पाहिलं का? त्यांनी साधेपणानं सांगितलं की नाही. आमचं आत फार वेळ चाललं, कंपाउंडरनं बाकीच्यांना पुढच्या महिन्यात यायला सांगितलं, आणि तुमसरची शेवटची बस चुकू नये म्हणून त्या निघाल्या. महिनाभर फडकं बांधून काढलं. मी त्यांच्या हेतूवर संशय घेत होतो, आणि त्या माझ्यामुळे दुखणं अंगावर काढत होत्या.

मी त्यांना म्हणालो की ती माय नव्हती. खरं ते सांगणं मला गरजेचं वाटलं. आजाराचं नाव सांगितलं, ठिपके कशानं येतात ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"असन," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले जास्त समजते." मग सुनंदाकडे वळून, जणू हे मला विचारून उपयोग नाही, म्हणाल्या, "मायची बोळवण केली का?"

बोळवण म्हणजे आजार उतरल्यावर मातामायला दहीभात देऊन निरोप द्यायचा असतो. आम्ही केली नव्हती. आईनं एकदा विषय काढला होता. मीच म्हणालो होतो की हा आजार लपून राहतो, पुन्हा येऊ शकतो, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे, मग कसला निरोप? तेच देवकाबाईंना सांगितलं.

"येणारी असन त येईन," त्या म्हणाल्या. "म्हून का पाहुण्याले उंबऱ्यापर्यंत पोचवू नये?"

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडला. माझ्या आईनं चुकीच्या समजुतीनं ते ठिपके झाकले होते, आणि या बाईनं त्याच समजुतीनं मला त्यांच्यासकट डॉक्टरपुढे नेलं. एकाच श्रद्धेनं दार लावलं आणि तिनंच ते उघडलं. यातून काय सिद्ध होतं, असं कोणी विचारलं तर काहीही सिद्ध होत नाही, असंच मी म्हणेन. तापाला अजूनही तापच म्हणतो. ठिपके दिसले तर डॉक्टरांना दाखवा, संध्याकाळी दाखवायला लागले तर संध्याकाळी न्या, उजेडात फोटो काढा, हे ज्याला त्याला सांगतो. पण मला जे मिळालं ते माझ्या नावानं आलेलं नव्हतं, आणि तरी ते मला मिळालं, हे आता तपासून झालं आहे. ते देणारीनं माझी पात्रता पाहिली नाही, माझा संशयही पाहिला नाही. मी मात्र आयुष्यभर घेण्याआधी देणाऱ्याची चौकशी करत आलो होतो.

पुढच्या मंगळवारी आईनं दहीभात केला. मी काठी न घेता शिवेपर्यंत चाललो. सावकाश, पण चाललो. आईनं पानावर भात वाढला, पाणी फिरवलं आणि बाजूला होऊन मला जागा दिली. आजवर अशा ठिकाणी मी हात जोडले की मनात एखादी मागणी असायची, किंवा एखादी शंका. पुन्हा येऊ नकोस, हे म्हणायचं मी घरूनच ठरवून आलो होतो. गुडघे वाकवले, दुखले, पण वाकले. कपाळ टेकलं. आणि ते म्हणवलं नाही.

उठल्यावर आईनं विचारलं, "काय मांगतलं, बाबू?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, खरं बोलतो आहे का याची खात्री केल्यासारखं, आणि रिकामी परात उचलून घराच्या वाटेला लागली.